तुलनेची वस्ती

दोन वस्त्या निवडल्या आम्ही,
रुळाच्या अलीकडची एक, पलीकडची एक.
अलीकडे, तांडापेठेच्या अंगाला, नवं आरोग्य केंद्र.
बंद पडलेल्या मनपा शाळेच्या दोन खोल्या,
फळ्यावर अजून अर्धा पुसलेला सतराचा पाढा.
पलीकडे काही नाही.
म्हणून अहवालात तिचं नाव : तुलनेची वस्ती.
तिथल्या लोकांना हे सांगायचं नसतं.

मे महिना. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून
मी विचारत फिरते :
गेल्या तीस दिवसांत किती दिवस गोळी चुकली?
टॅब तापून मध्येच बंद पडतो,
मग ओट्यावर बसून राहायचं,
ओल्या वाळ्याचा वास घेत.

सहदेव बारापात्रे, वय एकसष्ट, पूर्वी पॉवरलूमवर.
दोन वर्षांमागे वरचा आकडा एकशे शहाऐंशी निघाला
तेव्हा हसले होते :
'इतके तं माह्या मागाचे ठोकेई नव्हते मिनिटाले.'
आज एकशे अडतीस. मी दोनदा मोजला.
कशामुळे, विचारलं. पर्याय वाचून दाखवले :
मोफत औषध, जवळचं अंतर, कमी रांग, इतर.
'सोमवारी गेलो नाही,' म्हणाले,
'तं मंगळवारी कुंदा सिस्टर दारात.
काऊन नाही आले, विचारते. बस.
माह्या पोराले तं मी जेवलो का नाही तेई मालूम नसते.'
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
पुढची चौकट वीस अक्षरांची.

मग सुगंधा हेडाऊ.
कागदावर अलीकडची, घर क्रमांक दोनशे बारा.
दोनशे बारात तिची बहीण राहते.
ही राहते रुळापलीकडे, तुलनेत,
आणि दर महिन्याला मालगाडी जायची वाट बघून
पदरात कार्ड खोचून इकडे येते.
कुंदा सोरते सिस्टरना ठाऊक होतं.
'मग? बीपी का पत्ता पाहून वाढते?'
एवढं म्हणून त्या परत गोळ्या मोजू लागल्या.
त्या मंगळवारी रांगेत मी मोजल्या :
अशा अकरा जणी.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला.
सर म्हणाले, त्या वगळा, नमुना दूषित होतो.
सर चुकीचं बोलत नव्हते.
पलीकडची माणसं इकडची गोळी खाऊन बरी झाली
तर दोन वस्त्यांतलं अंतर कमी होतं,
आणि अंतर कमी दिसलं
की केंद्राचा उपयोग कमी दिसतो,
आणि उपयोग कमी दिसला की पुढच्या मार्चमध्ये
त्या दोन खोल्यांना पुन्हा कुलूप.
म्हणजे काम रूळ ओलांडण्याइतकं चांगलं झालं,
हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

रात्रभर घोळत राहिला तो शब्द.
नाग नदीच्या पाण्याला लावतो आपण, तोच.
सुगंधाबाईंना लावून पाहिला.
त्यांनी मला ताकात मीठ कमी घालून दिलं होतं,
'सिस्टरनं सांगतलं' म्हणत.

मी वगळल्या नाहीत, मोजल्याही नाहीत नीट.
एक तळटीप लिहिली, चौथी,
बारीक टायपात, पान बावन्नच्या तळाशी.
कोण वाचतं तळटीप.

शेवटच्या दिवशी टॅब परत करायच्या आधी
सह्या घ्यायला केंद्रात गेले.
सिस्टरनी खुर्ची सरकवली. 'बसा. हात द्या.'
पट्टा आवळला, सुटला.
एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव.
वय चौतीस.
'पत्ता सांगा.'
मी मनीषनगरला राहते. ह्या केंद्राच्या हद्दीत येत नाही,
कुठल्याच रकान्यात येत नाही.
मी तोंड उघडेपर्यंत
त्यांनी दोनशे बारा लिहूनही टाकलं होतं.